ठेवा, नोंद आणि निर्मिती

(शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. स्मृतिव्याख्यानाला साजेसा विषय कोणता, याचा विचार करताना माझ्या मनात आले की, स्मृती ही गोष्ट आपण फार गृहीत धरतो. एखाद्या माणसाविषयी, एखाद्या कलेविषयी आदर असला म्हणजे तिची आठवण आपोआप टिकेल, असे आपल्याला वाटते. अनुभव मात्र वेगळा आहे. आदर असूनही वस्तू हरवतात, कागद कुजतात, फिती चिकटतात आणि संगणकावरच्या फायली उघडेनाशा होतात. स्मृती टिकवायची असेल तर आदराच्या जोडीला व्यवस्था लागते. त्या व्यवस्थेविषयी मी आज बोलणार आहे.

मोठ्या शहरांतील चित्रसंस्था, वृत्तपत्रे, जाहिरातसंस्था आणि प्रकाशनगृहे यांच्या व्यवहारात 'डिजिटल ॲसेट मॅनेजमेंट' हा शब्दप्रयोग आता रूढ झाला आहे. आपण त्याला साध्या मराठीत 'डिजिटल ठेव्याची व्यवस्था' म्हणू. छायाचित्रे, रेखाचित्रे, ध्वनिमुद्रणे, चित्रफिती, लेखांचे मसुदे, मुखपृष्ठांचे नमुने अशी जी सामग्री लेखक, चित्रकार, नट, संपादक यांच्या हातून निर्माण होते, ती एका ठिकाणी नीट साठवणे, तिची नोंद ठेवणे आणि हवी तेव्हा हव्या त्या माणसाच्या हाती ती देणे, एवढाच या भारदस्त शब्दाचा अर्थ आहे. यातील साठवण सर्वांना समजते. नोंद आणि देणे या दोन गोष्टींकडे मात्र दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते सगळे मर्म तिथेच आहे.

आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यातील मालगुजारी तलावांचे उदाहरण घ्या. पाळ भक्कम आहे, पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरतो, परंतु पाट काढलेला नाही, तर त्या पाण्याचा धानाच्या बांध्यांना काय उपयोग? ज्यांनी हे तलाव बांधले त्यांनी पाळ आणि पाट यांचा विचार एकत्रच केला होता. तसेच भरवेलीच्या खाणीचे. जमिनीखाली मँगनीज आहे एवढ्या माहितीवर खाण चालत नाही. कोणत्या थरात, किती खोलीवर, कोणत्या प्रतीचे खनिज आहे हे दाखवणारा नकाशा लागतो. सर्जनशील कामाचा ठेवाही असाच असतो. नोंद हा त्याचा नकाशा आणि वितरण हा त्याचा पाट. ही दोन्ही अंगे नसतील तर ठेवा असूनही नसल्यासारखाच.

संगणकाचा जन्म होण्यापूर्वी ही गोष्ट आपल्याच भाषाप्रदेशात किती उत्तम रीतीने साधली गेली होती, ते मी प्रथम सांगतो. पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ साली स्थापन झाली आणि १९१९ साली तिने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम अंगावर घेतले. १९२५ पासून या कामाची धुरा डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे आली. मूळचे गणिताचे विद्यार्थी असलेल्या या विद्वानाने कामाची जी पद्धत घालून दिली, ती आजच्या कोणत्याही संगणकतज्ज्ञाने अभ्यासावी अशी आहे. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या हस्तलिखितांत एकच श्लोक शेकडो रूपांनी येतो. या पाठांची नोंद करण्यासाठी आखलेले कागद तयार करण्यात आले. वर मूळ धरलेला श्लोक अक्षरश: मांडायचा, खाली प्रत्येक पोथीतील वेगळा पाठ नेमका त्याच अक्षराखाली उतरवायचा आणि पोथीची ओळख एका लहानशा खुणेने द्यायची. शारदा लिपीतल्या पोथ्यांची खूण वेगळी, नेपाळी, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ व मलयाळम पोथ्यांची वेगळी. एकूण १,२५९ हस्तलिखिते या कामी वापरली गेली. पोथ्या पडताळण्याचे काम पुण्याखेरीज तंजावर आणि शांतिनिकेतन येथेही चालत असे. पर्वांचे संपादक निरनिराळ्या ठिकाणचे होते: विराटपर्व लाहोरच्या डॉ. रघुवीरांनी, उद्योगपर्व ढाक्याच्या डॉ. सुशीलकुमार डे यांनी आणि सभापर्व अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिले.

या पद्धतीचे तीन गुण मला महत्त्वाचे वाटतात. पहिला गुण असा की, प्रत्येक वस्तूला स्वतंत्र ओळख होती. ती कोणाच्या स्मरणावर अवलंबून नव्हती. दुसरा गुण असा की, संपादकांनी काहीही फेकून दिले नाही. मूळ संहितेत न बसणाऱ्या ओळींना त्यांनी तारांकित क्रमांक देऊन तळटीपांत ठेवले आणि लांब प्रकरणे परिशिष्टांत घातली. गणेशाने महाभारत लिहून घेतल्याची लोकप्रिय कथा आदिपर्वाच्या परिशिष्टात आहे, ती तिथे कोणालाही वाचता येते. निवड झाली, पण निवडीबाहेरचे नष्ट झाले नाही. तिसरा गुण सर्वांत मोठा. २१ जानेवारी १९४३ रोजी सुकथनकरांचे अकस्मात निधन झाले. प्रमुख माणूस गेल्यावर असली कामे बहुधा थांबतात. हे काम थांबले नाही, कारण ते एका माणसाच्या डोक्यात नसून सर्वांना वाचता येईल अशा नोंदींत होते. आधी डॉ. बेलवलकर आणि मग डॉ. प. ल. वैद्य यांनी ते पुढे नेले आणि १९६६ साली ते पूर्णत्वास गेले.

आणि या ठेव्यातून निर्मिती झाली की नाही? अवश्य झाली. इरावतीबाई कर्व्यांनी आपल्या 'युगान्त'मधील विवेचनासाठी याच चिकित्सक आवृत्तीचा आधार घेतला, आणि त्या पुस्तकाला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कोणता प्रसंग मूळचा आणि कोणता मागाहून आलेला, हे त्यांना दर वेळी शेकडो पोथ्या चाळून ठरवावे लागले नाही. ते काम त्यांच्या आधी कोणीतरी चोखपणे करून ठेवले होते. म्हणून त्यांची सारी शक्ती माणसांच्या स्वभावाचा ठाव घेण्यात खर्ची पडू शकली. पुढे क्योतोचे प्राध्यापक मुनेओ तोकुनागा यांनी हा संपूर्ण मजकूर संगणकावर उतरवला आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो तपासून सुधारला. मूळ नोंद शिस्तीची होती म्हणूनच कागदावरून संगणकावर जाणे शक्य झाले.

आता याच्या उलट उदाहरण पाहू. तेही आपल्याच मराठी मुलखातले आहे आणि मनाला क्लेश देणारे आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला. त्या चार रिळांच्या चित्रपटापैकी पहिले आणि शेवटचे रीळ तेवढे आज शिल्लक आहे. परंतु तीही नेमकी कोणत्या चित्रपटाची? १९१७ साली फाळक्यांनी हेच कथानक नव्याने चित्रित केले होते, आणि उरलेली रिळे त्या नव्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासक मानतात. भारतीय चित्रपटाचा आरंभबिंदू आपल्या हातात आहे की चार वर्षांनंतरची त्याची दुसरी आवृत्ती, हे आज शंभर वर्षांनंतर निर्विवादपणे सांगता येत नाही! डब्यावर तेव्हाच एक ओळ लिहिलेली असती, साल आणि आवृत्ती, तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

'प्रभात'ची कथा वेगळी, पण तितकीच बोधप्रद आहे. १९२९ साली कोल्हापुरात व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी ही कंपनी काढली आणि १९३३ साली ती पुण्याला आली. आजच्या भाषेत 'सर्जनशील गट' म्हणतात तो याहून चांगला कोठे दाखवता येईल? एकाच आवारात चित्रकार, ध्वनिलेखक, सुतार, शिंपी, रसायनशाळेतले कामगार, संगीतकार आणि नट काम करीत होते. त्यांच्या 'संत तुकाराम'ची १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातील उत्तम चित्रपटांत गणना झाली. १९५३ साली कंपनी बंद पडली. त्याच आवारात १९६० साली चित्रपट प्रशिक्षणसंस्था सुरू झाली, आणि १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी त्या संग्रहालयासाठी देशभर फिरून रिळे गोळा केली. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून जे थोडेफार मिळाले, त्याचेही श्रेय त्यांच्याकडे जाते. अंधाऱ्या चित्रपटगृहात बसूनही ते वहीत टिपणे घेत, असे त्यांना ओळखणारे सांगत.

असे असूनही ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि 'प्रभात'च्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह तीत भस्मसात झाल्या. नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असते. तिला पेटल्यावर विझवणे जवळजवळ अशक्य, कारण ती जळताना स्वत:च प्राणवायू पुरवते. ज्या चित्रपटांच्या नकला आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवल्या होत्या, ते आपल्याला आजही पाहता येतात. ज्यांच्या नकला नव्हत्या, त्यांना तो दिवस अखेरचा ठरला. दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी असणे, या साध्या गोष्टीवर एखाद्या कलाकृतीचे जीवनमरण ठरते.

यावर कोणी म्हणेल की, ही सारी जुन्या काळातली दु:खे. आता सगळे डिजिटल झाले आहे, तेव्हा चिंता मिटली. हा भ्रम आहे. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या चित्रसंस्थेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असताना कोणाकडून तरी संगणकाला पुसून टाकण्याची आज्ञा दिली गेली, आणि पाहता पाहता चित्रपटाचा बहुतांश भाग नाहीसा झाला. राखीव प्रती होत्या, पण त्या नीट घेतल्या जात नव्हत्या आणि त्या उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिका बाळंतपणामुळे घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर योगायोगाने एक प्रत होती, तिच्यामुळे काम वाचले. जगातील अत्यंत पुढारलेल्या संस्थेची ही स्थिती, तर कपाटातल्या एका हार्ड डिस्कवर विसंबून राहणाऱ्या आपण मंडळींनी किती सावध असावे!

मराठी माणसाची यात एक खास अडचण आहे, ती या सभागृहातील मुद्रणव्यवसायाशी संबंधित मंडळींना चांगली ठाऊक असेल. १९९० च्या दशकात आपल्याकडे अक्षरजुळणी संगणकावर आली. महाराष्ट्रात श्रीलिपीसारखे आणि आपल्या मध्य प्रदेशात कृतिदेवसारखे फाँट घरोघरी झाले. या व्यवस्थांत पडद्यावर देवनागरी अक्षर दिसत असले तरी आत संगणकाने जतन केलेला संकेत बहुधा रोमन चिन्हांचा असे, आणि प्रत्येक फाँटचा संकेत निराळा. तो फाँट नसलेल्या संगणकावर ती फाईल उघडली की समोर निरर्थक चिन्हांची रांग उभी राहते. म्हणजे फाईल जिवंत आहे, पण तिची वाचा गेली आहे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले होते, तथापि आपल्या छापखान्यांत तिचा वापर रुळायला पुष्कळ वर्षे लागली. मधल्या काळातले वार्षिकांक, स्मरणिका, दिवाळी अंक आणि पाठ्यसाहित्य आज शोधयंत्राला दिसत नाही. 'बालाघाट' हा शब्द त्यात शंभर वेळा आला असला तरी संगणक म्हणेल, असा शब्द येथे नाही. तो मजकूर परिवर्तन करून युनिकोडमध्ये आणणे आणि मुळाशी ताडून पाहणे, हे काम ते फाँट आणि ती यंत्रे वापरलेली पिढी हयात आहे तोवरच सोपे आहे.

मग चांगली व्यवस्था कशी असावी? सविस्तर तांत्रिक चर्चेचे हे स्थळ नव्हे, परंतु पाच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट ओळख. प्रत्येक वस्तूला एकच क्रमांक असावा आणि नाव सर्वांना समजेल असे असावे. 'अंतिम', 'नवीन अंतिम', 'अगदी अंतिम' अशा तीन फायली एकाच कप्प्यात पाहिल्या नाहीत असा मनुष्य विरळा. त्याऐवजी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, पुढे प्रसंग आणि आवृत्तीचा अंक असे नाव दिले, तर फायली आपोआप कालक्रमाने लागतात.

दुसरी गोष्ट वर्णन. यालाच 'मेटाडेटा' म्हणतात. छायाचित्रातील माणसे डावीकडून उजवीकडे कोण, प्रसंग कोणता, स्थळ कोणते, दिनांक कोणता, छायाचित्रकार कोण, एवढे लिहिले तरी त्या चित्राचे मोल दसपट वाढते. १९९५ साली अमेरिकेतील डब्लिन या गावी ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले, आणि त्या विचारविनिमयातून पंधरा मुद्द्यांचा एक नमुना पुढे आला. शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा, हक्क इत्यादी मुद्दे त्यात आहेत. 'डब्लिन कोअर' या नावाचा हा नमुना आजही जगभर वापरला जातो. तो साध्या वहीतही आखता येतो.

तिसरी गोष्ट आवृत्ती. कोणता मसुदा आधीचा, कोणता नंतरचा, कोणी काय बदलले, हे कळले पाहिजे, आणि जुना मसुदा पुसला जाता कामा नये. महाभारताच्या संपादकांनी तारांकित ओळींना जी जागा दिली, ती आपणही आपल्या टाकलेल्या मसुद्यांना द्यावी. कधी कधी टाकलेल्यातूनच पुढचे नाटक उगवते.

चौथी गोष्ट हक्क. आपल्या देशातील १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रालाही लेखनाप्रमाणेच मुदत लाभली आहे. १९९४ च्या दुरुस्तीने गायक, वादक, नट यांच्या सादरीकरणालाही हक्क मिळाला. तेव्हा कोणाचे चित्र, कोणाचा आवाज, त्याने कशासाठी संमती दिली, हे नोंदीतच असले पाहिजे. नोंद नसली की दोन अनर्थ होतात: सज्जन मनुष्य भीतीने वस्तू वापरत नाही आणि दुर्जन बेधडक वापरतो.

पाचवी गोष्ट प्रती. तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी, असा साधा नियम आहे. वर्षातून एकदा त्या उघडून पाहाव्यात. न उघडलेली राखीव प्रत म्हणजे न मोजलेली तिजोरी.

या सगळ्यावर कलावंत मंडळींचा एक आक्षेप असतो, आणि तो मी हलका मानत नाही. ते म्हणतात, 'प्रतिभा ही मुक्त असते. तुम्ही तिला रकान्यांत बसवू पाहता. आम्ही चित्र काढायचे की तक्ते भरायचे?' या आक्षेपात तथ्य आहे. नोंदी ठेवण्याचे काम चित्रकारावरच लादले तर तो चित्रही काढणार नाही आणि नोंदही धड ठेवणार नाही. म्हणून हे काम जाणीवपूर्वक कोणाकडे तरी सोपवावे लागते. शिवाय रकाने इतके नसावेत की ते भरता भरता माणूस थकेल. भरलेले पाच रकाने रिकाम्या पन्नास रकान्यांहून श्रेष्ठ. परंतु नोंद प्रतिभेला मारते, हे मात्र मला मान्य नाही. कालचे चित्र शोधण्यात ज्याची सकाळ जाते, त्याची प्रतिभा कोणत्या अर्थाने मुक्त आहे? शोधण्याचे श्रम वाचले म्हणजे घडवण्याला वेळ मिळतो.

दुसरी सावधगिरी अशी की, आधी महागडी यंत्रणा आणून मग कामाचा विचार करू नये. यंत्रणा कोणतीही असो, ती कोणत्या माणसाने, कोणत्या दिवशी, किती वेळ चालवायची हे ठरलेले नसेल तर सहा महिन्यांत तिच्यावर धूळ बसते. कपाट आधी आणि कारभारी नंतर, हा क्रम नेहमी फसतो.

आता मी आपल्या बालाघाटविषयी बोलतो, कारण हा विषय येथे अधिक निकडीचा आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा जिल्हा नागपूर विभागात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर एका राज्यात गेले आणि बालाघाट दुसऱ्या राज्यात राहिले. नातीगोती, बाजारहाट, लग्नकार्ये यांना ती सीमा अडवू शकली नाही. पण दप्तरांना अडवले. महाराष्ट्रातील संस्था महाराष्ट्राचे साहित्य गोळा करतात, भोपाळचे लक्ष साहजिकच हिंदीकडे असते, आणि आपल्या सीमेवरच्या मराठीचे, पोवारीचे, वैनगंगेकाठच्या दंडारीचे व लग्नगीतांचे हक्काचे दप्तर कोणते, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. जे कोणाच्याच यादीत नाही, ते सर्वांच्या डोळ्यांदेखत नाहीसे होते. आपल्या घराघरांत ध्वनिफिती आहेत: आजीची जात्यावरची गाणी, गावच्या मंडईतले प्रयोग, गणेशोत्सवातली भाषणे. फीत वर्षागणिक क्षीण होते, आणि ती वाजवणारी यंत्रे आता दुरुस्तीलाही मिळत नाहीत. त्याहून घाई अशी की, त्या फितीतला आवाज कोणाचा हे सांगणारी माणसे वयोवृद्ध होत चालली आहेत. आवाज यंत्राने वाचेल; नाव मात्र माणूसच सांगू शकतो.

नोंदीचे मोल भावनेपुरते नसते, पोटापाण्याशीही तिचा संबंध असतो. आपल्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली आणि वारासिवनीच्या हातमाग साडी व कापडाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. १९९९ च्या कायद्याप्रमाणे असे मानांकन मागताना त्या वस्तूचे त्या प्रदेशाशी जुने नाते दाखवणारे पुरावे द्यावे लागतात. पुरावा म्हणजे शेवटी काय? कोणीतरी, केव्हातरी, नीट लिहून ठेवलेली नोंद. विणकराच्या घरी काठाचे आणि पदराचे जे जुने नमुने आहेत, त्यांची छायाचित्रे आणि विणकराचे नाव एकत्र जपले, तर उद्याचा कारागीर त्यातून नवा काठ रचील आणि दुसऱ्या कोणी ते नमुने आपले म्हणून विकले तर त्याला उत्तरही देता येईल. गंमत अशी की, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील जकार याने मागावर नक्षी उतरवण्यासाठी भोकांची पुठ्ठ्याची कार्डे वापरली, आणि त्याच कल्पनेचा धागा पुढे संगणकापर्यंत पोचला. तेव्हा विणकराने संगणकाकडे परके म्हणून पाहण्याचे कारण नाही.

शाळेने काय करावे? माझ्या मते असल्या कामाला शाळेइतकी योग्य जागा दुसरी नाही. शाळेजवळ दर वर्षी नव्या हातांची फळी येते आणि माजी विद्यार्थ्यांचे जाळे दूरवर पसरलेले असते. शाळेतील हस्तलिखिते, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे, नाटकांच्या संहिता, वार्षिकांक यांपासून आरंभ करावा. प्रथम केवळ यादी करावी. यंत्राची घाई नको. मग वरच्या वर्गांतील मुलांनी घरोघर जाऊन वडीलधाऱ्यांना चित्रे दाखवावीत आणि नावे लिहून घ्यावीत. पोवारी गाणे पोवारी बोलणाऱ्या मुलानेच उतरवावे, म्हणजे शब्दांचा विपर्यास होणार नाही. गाणाऱ्या आजीला तिच्या भाषेत समजावून तिची संमती घ्यावी आणि तिचे नाव अग्रभागी लिहावे. जे माजी विद्यार्थी नागपूर, पुणे, बंगळूर येथे किंवा परदेशी संगणकाच्या क्षेत्रात आहेत, त्यांनी एक प्रत आपल्या गावी सांभाळावी. तिसऱ्या प्रतीचा प्रश्न तेवढ्यानेच सुटेल. आणि दर स्नेहसंमेलनाच्या आधी मुलांनी या ठेव्यातून काहीतरी नवे करून दाखवावे: एखादे नाट्य, एखादे भित्तिपत्रक, एखादा अंक. ठेव्यातून दर वर्षी काही उगवले तर त्याची निगा राखण्याची आठवण कोणाला करून द्यावी लागणार नाही.

मित्रहो, माझे एवढेच म्हणणे आहे. निर्मिती करणारे हात आपल्याकडे कमी नाहीत. उणीव आहे ती मागच्याने केलेले पुढच्याच्या हाती सुखरूप पोचवणाऱ्या व्यवस्थेची. ती उणीव भरून काढण्यासाठी मोठे धन लागत नाही, थोडी शिस्त आणि पुष्कळ चिकाटी लागते. शिक्षक तरी आयुष्यभर दुसरे काय करतो? आपल्याला मिळालेले तो नीट लावून पुढच्या पिढीच्या ओंजळीत ठेवतो. ज्या गुरुजींच्या नावाने आपण येथे जमलो, त्यांच्या स्मृतीला ही व्यवस्था अर्पण झाली तर तिच्याहून उचित श्रद्धांजली मला सुचत नाही.